सी विस्तारांतील हेडर फाइल

पायथन, रूबी, पर्ल, लुआ यांसारख्या भाषांसाठी सी भाषेत विस्तार (भाषेला जोडायचा पूरक भाग) लिहिताना इंटरप्रिटरची (त्या भाषेतील कार्यक्रम चालवणाऱ्या प्रणालीची) फंक्शने, संरचना व मॅक्रो (ठरवलेल्या मजकुराने बदलली जाणारी नावे) यांची घोषणा जिच्यातून मिळते ती फाइल. पायथनसाठी ‘पायथन.एच’, रूबीसाठी ‘रूबी.एच’ वापरतात; पर्लमध्ये ‘एक्स्टर्न.एच’, ‘पर्ल.एच’ व ‘एक्ससब.एच’ या तिन्ही फाइली याच क्रमाने घेतात.

एका फाइलीचा मजकूर दुसरीत ओढून घेणारा ‘इन्क्लूड’ निर्देश सीमध्ये सुमारे १९७२-७३ च्या दरम्यान आला असावा. त्याचे मूळ बीसीपीएल भाषेच्या ‘गेट’ निर्देशात शोधण्याची प्रवृत्ती आढळते. तथापि सीचे निर्माते डेनिस रिची यांनी बीसीपीएलच्या जोडीला पीएल/वनचाही उल्लेख केला असून, प्रीप्रोसेसर (संकलनापूर्वी, म्हणजे यंत्रसंकेतात रूपांतर होण्यापूर्वी, असे निर्देश पार पाडणारा भाग) येण्यामागे काही अंशी ॲलन स्नायडर यांचा आग्रह होता असे नोंदविले आहे. त्यामुळे एकाच भाषेचा वारसा न मानणे अधिक सयुक्तिक ठरते. आरंभी केवळ फाइल अंतर्भूत करणे व साधी शब्दबदली एवढेच शक्य होते. आजचे विस्तार ज्यांवर उभे आहेत ते सप्राचल (मूल्ये स्वीकारणारे) मॅक्रो व सशर्त (अटीनुसार काही भाग घेणारे वा वगळणारे) संकलन लवकरच, प्रामुख्याने माइक लेस्क व नंतर जॉन रायझर यांच्या कामातून आले.

विस्तारांत हेडरचा क्रम निर्णायक असतो. ‘पायथन.एच’ प्रमाणित हेडरांच्या आधी घ्यावी लागते, कारण तिच्यातून येणारी ‘पायकॉन्फिग.एच’ ही फाइल प्रणालीच्या हेडरांचे वर्तन बदलणारे मॅक्रो ठरवते. ३२ बिटांच्या लिनक्सवर ‘एसटीडीआयओ.एच’ आधी घेतली, तर फाइलीतील स्थान दाखवणारा ‘ऑफ_टी’ हा प्रकार विस्तारात ४ बाइटांचा राहतो आणि मोठ्या फाइलींच्या सोयीसह बांधलेल्या इंटरप्रिटरमध्ये ८ बाइटांचा असतो. अशी विसंगती कंपायलर नेहमीच पकडत नाही, म्हणूनच हा नियम काटेकोरपणे पाळावा.

हेडरमधील मॅक्रो व इनलाइन (हाकेच्या जागीच विस्तारली जाणारी) फंक्शने विस्ताराच्या यंत्रसंकेतात जशीच्या तशी उतरतात, हा दुसरा कळीचा मुद्दा होय. संदर्भगणना (वस्तू किती ठिकाणांहून वापरात आहे याची मोजणी) वाढवणारे ‘पाय_इंक्रेफ’ हे पायथन ३.८ पूर्वी मॅक्रो होते, नंतर इनलाइन फंक्शन झाले. दोन्ही रूपांत वस्तूच्या संरचनेचा आराखडा संकलनाच्या वेळीच पक्का होतो; त्यामुळे पुढील आवृत्तीत तो बदलल्यास जुना विस्तार तिच्याशी जुळत नाही. त्यावर उपाय म्हणून पायथन ३.२ पासून (२०११) ‘पाय_लिमिटेड_एपीआय’ हा मॅक्रो उपलब्ध आहे. तो ‘पायथन.एच’च्या आधी घोषित केल्यास हेडर मर्यादित, पण पुढील ३.क्ष आवृत्त्यांतही चालणारा भागच उघड करते. या मॅक्रोचे मूल्य ३.१२ वा त्यापुढील आवृत्तीचे ठेवल्यास ‘पाय_इंक्रेफ’ खऱ्याखुऱ्या फंक्शनची हाक बनते. वेग काहीसा घटतो, परंतु आराखडा इंटरप्रिटरच्या स्वाधीन राहतो. ‘इंटरनल’ निर्देशिकेतील हेडर मात्र ‘पाय_बिल्ड_कोअर’ घोषित नसल्यास संकलनच थांबवतात. विस्तारकर्त्याने तेथे हात न घालणेच इष्ट.

रूबीत विस्तार बांधण्यासाठीच्या ‘एमकेएमएफ’ ग्रंथालयाचे ‘हॅव_हेडर’ एखादे हेडर उपलब्ध आहे का हे तपासते आणि आढळल्यास तसा मॅक्रो घोषित करते. लुआची हेडर शुद्ध सीमधील असल्याने सी++ मधून ती वापरणाऱ्यांसाठी ‘लुआ.एचपीपी’ ही छोटी फाइल आहे, तिच्यात ‘लुआ.एच’, ‘लुआलिब.एच’ व ‘एलऑक्सलिब.एच’ या तीन फाइली सी-जोडणीच्या (नावे सीच्या पद्धतीने जोडावीत असे सांगणाऱ्या) घोषणेत गुंडाळलेल्या असतात.