शहराचा वाढदिवस : स्थापनावर्षाच्या लोकोत्सवांची पार्श्वभूमी

एखाद्या शहराच्या स्थापनेला शंभर, पाचशे किंवा हजार वर्षे पूर्ण होतात तेव्हा त्या वर्षात काय काय होणार, याचा आराखडा आज जवळपास ठरलेला असतो. शोभायात्रा निघते, जुन्या नकाशांची आणि छायाचित्रांची प्रदर्शने भरतात, शाळकरी मुले शहराच्या इतिहासातील प्रसंग सादर करतात, व्याख्यानमाला होते, स्मरणिका निघते आणि शेवटी मोठ्या मैदानावर सांगता होते. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिची घडण बऱ्याच अंशी गेल्या दोनशे वर्षांतली आहे, आणि दोन प्रश्नांनी तिला प्रत्येक टप्प्यावर वळण दिले आहे : शहराचा जन्मदिवस कोणी ठरवायचा, आणि उत्सवाच्या दिवशी मंचावर कोणी उभे राहायचे.

शहराचा वाढदिवस साजरा करण्याची सर्वांत जुनी ठळक परंपरा रोमची. २१ एप्रिल हा मुळात मेंढपाळांच्या पारिलिया या सणाचा दिवस होता; रोमुलसने नगर वसवले ते याच दिवशी, अशी श्रद्धा रूढ झाली आणि सणाला नगरीच्या जन्मदिवसाचे रूप आले. इसवी सनापूर्वी ७५३ हे स्थापनावर्ष वार्रो या विद्वानाच्या गणनेमुळे सर्वमान्य झाले. त्या गणनेच्या आधारे सम्राट क्लॉडियसने इ. स. ४७ मध्ये आठशे वर्षांचा, तर फिलिप द अरब याने इ. स. २४८ मध्ये सहस्राब्दीचा सोहळा केला. फिलिपने त्या निमित्ताने पाडलेली नाणी आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांच्या एका बाजूला सम्राटाच्या घराण्यातील व्यक्तीचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला सिंह, हरिण, पाणघोडा असा एखादा प्राणी आहे, कारण खेळांसाठी हे प्राणी दूरदूरच्या प्रांतांतून आणवले होते. उत्सव नगरीचा असला तरी नाण्यावर नाव आणि चेहरा राज्यकर्त्याचाच उमटला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये हे आणखी स्पष्ट दिसते. ११ मे ३३० रोजी त्या नगरीचे विधिवत उद्घाटन झाले आणि पुढे दरवर्षी त्या दिवशी रथशर्यतींच्या मैदानात एक विधी होऊ लागला. जुन्या वृत्तांतांनुसार नगरीचा संस्थापक सम्राट कॉन्स्टंटाइन याचा सोन्याचा मुलामा दिलेला लाकडी पुतळा रथावर ठेवला जाई. त्या पुतळ्याच्या उजव्या हातात नगरदेवतेची छोटी मूर्ती असे आणि रथाच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या मेणबत्त्या घेतलेले सैनिक चालत. मैदानाला वळसा घालून रथ राजसज्जासमोर थांबला की त्या वेळी गादीवर असलेला सम्राट उठून त्या पुतळ्याला वंदन करी. हजारो नगरवासी हे पाहत असत. मात्र त्यांचा वाटा पाहण्यापुरता आणि जयघोष करण्यापुरता होता.

मध्ययुगातील युरोपात शहरे नगरदेवतेऐवजी आपापल्या संतांचे दिवस पाळू लागली आणि स्थापनावर्षाची मोजणी मागे पडली. पूर्ण आकड्यांना महत्त्व येण्याची वाट धर्माच्या अंगाने तयार झाली. हिब्रू धर्मग्रंथांत पन्नासावे वर्ष मुक्तीचे आणि विश्रांतीचे मानले आहे, आणि ते जाहीर करताना फुंकल्या जाणाऱ्या मेंढ्याच्या शिंगाच्या नावावरून युरोपीय भाषांतला ज्युबिली हा शब्द आला. पोप आठवा बोनिफेस याने १३०० हे पवित्र वर्ष घोषित केले. शंभर वर्षांचे हे अंतर पुढे पन्नासावर आणि मग पंचविसावर आणले गेले. पंचवीस, पन्नास आणि शंभर हे टप्पे युरोपीय मनात असे रुजले. १६१७ मध्ये जर्मन प्रॉटेस्टंट राज्यांनी ल्यूथरच्या धर्मसुधारणेची शताब्दी साजरी केली, तेव्हा एका ऐतिहासिक घटनेपासून मोजून शंभरावे वर्ष पाळण्याची आधुनिक कल्पना मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आली. आपण सहज म्हणतो ते रौप्य, सुवर्ण, हीरक आणि अमृत हे महोत्सव, तसेच सार्धशती आणि द्विशताब्दी, याच मोजणीच्या पुढच्या फांद्या आहेत.

एकोणिसाव्या शतकात शहरांनी ही मोजणी स्वतःकडे घेतली. बोस्टनने १७ सप्टेंबर १८३० रोजी द्विशताब्दी साजरी केली तेव्हा दिवसाचे मुख्य आकर्षण जोसाया क्विन्सी यांचे भाषण होते. ते शहराचे माजी महापौर आणि त्या वेळी हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्या काळातील असे बहुतेक सोहळे याच धाटणीचे असत : प्रार्थना, मिरवणूक, प्रदीर्घ भाषण आणि मानकऱ्यांची मेजवानी. छापून ठेवलेल्या त्या भाषणांमुळे स्थानिक इतिहासलेखनाला मोठी चालना मिळाली, हे त्यांचे श्रेय मान्य करायलाच हवे. परंतु सर्वसामान्य माणूस मिरवणुकीच्या कडेलाच उभा होता. शतकाच्या शेवटी खेड्यांतून आणि लहान गावांतून माणसे मोठ्या शहरांकडे जाऊ लागली, तेव्हा अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात गव्हर्नर फ्रँक रोलिन्स यांनी १८९९ मध्ये बाहेर गेलेल्यांना आठवडाभर आपल्या गावी परत बोलावण्याची प्रथा सुरू केली. आजच्या वर्धापन सोहळ्यांत माजी रहिवाशांचे स्नेहमेळावे असतात, त्यामागे स्थलांतराची हीच वेदना आहे.

खरा पालट १९०५ च्या जूनमध्ये इंग्लंडमधील शेरबोर्न या छोट्या गावात झाला. संत अल्डहेल्म यांनी इ. स. ७०५ मध्ये तिथे धर्मपीठ स्थापन केले, त्याला बाराशे वर्षे झाली होती. पूर्वी तिथल्या शाळेत संगीत शिकवणारे नाटककार लुई नेपोलियन पार्कर यांना या निमित्ताने काही बसवून देण्याची विनंती झाली. साधे नाटक न करता त्यांनी जुन्या किल्ल्याच्या अवशेषांच्या सान्निध्यात, उघड्या आकाशाखाली, गावाचा इतिहास एकामागून एक प्रसंगांत मांडला आणि त्यासाठी सुमारे नऊशे गावकरी उभे केले. इतिहास जिथे घडला तिथेच तो दाखवायचा, पोशाख आणि साहित्य गावातच तयार करायचे, व्यावसायिक नटांवर विसंबायचे नाही, हे त्यांचे आग्रह होते. कल्पना करा : ज्या घरांत आठवडेच्या आठवडे सुईदोरा आणि कापड यांखेरीज दुसरा विषय नव्हता, त्याच घरांतली माणसे मग साधूंच्या, सैनिकांच्या आणि सरदारांच्या वेशात आपल्याच गवतावरून चालत आली. माझ्या मते शहराच्या वाढदिवसाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे, कारण इथे पहिल्यांदा प्रेक्षकाचे पात्र झाले. पुढच्या चार वर्षांत वॉरिक, बरी सेंट एडमंड्स, डोव्हर, कोलचेस्टर आणि यॉर्क यांनी पार्कर यांच्याच हाताने असे प्रयोग केले आणि बघता बघता देशभर त्यांची लाट पसरली.

या प्रकाराची एक मर्यादाही तेव्हापासूनच दिसते. शेरबोर्नची कथा सोळाव्या शतकाच्या अखेरीस, दर्यावर्दी वॉल्टर रॅले किल्ल्यात आले त्या प्रसंगाशी थांबली. इतर अनेक ठिकाणीही कथानक सतराव्या शतकाच्या पुढे फारसे सरकत नसे, कारण त्यानंतरचा काळ म्हणजे कारखाने, संप आणि मताधिकाराचे झगडे, ज्यांच्या जखमा गावात अजून ओल्या होत्या. सर्वांना एकत्र आणण्यासाठी भांडणाचा काळ वगळावा लागला. ही सोय समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत नंतरच्या पिढ्यांनी मोजली.

अमेरिकेत सेंट लुईस शहराने १७६४ मधील स्थापनेची सार्धशती १९१४ मध्ये साजरी केली, तेव्हा हा प्रयोग अवाढव्य झाला. फॉरेस्ट पार्कमधील तळ्याकाठी बांधलेल्या रंगमंचावर साडेसात हजारांच्या आसपास नागरिक उतरले आणि रोज सुमारे एक लाख लोकांनी तो पाहिला. एकत्र खेळलो तर एकत्र कामही करू, अशी आयोजकांची भूमिका होती, आणि तिला प्रत्यक्ष हेतू होता : शहराच्या कारभाराची नवी सनद मतदारांनी १९११ मध्ये फेटाळली होती. उत्सवानंतर महिनाभरातच झालेल्या मतदानात नवी सनद मंजूर झाली. उत्सव आणि नागरी कारभार यांचा इतका थेट संबंध क्वचितच दिसतो. मात्र मूळ निवासींच्या भूमिका त्या रंगमंचावर प्रामुख्याने गोऱ्या नागरिकांनीच केल्या.

मंचाइतकाच तारखेचा प्रश्नही राज्यसत्तेने आपल्या हातात घेतला. फार थोड्या शहरांचा जन्म ठरावीक दिवशी झाला; बहुतेकांच्या बाबतीत जुन्या कागदांतला पहिला उल्लेख हाच जन्मदाखला मानला जातो. मॉस्कोचा तसा उल्लेख ११४७ चा, म्हणून १९४७ मध्ये आठशे वर्षांचा सोहळा झाला आणि युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या त्या शहरात त्याच दिवशी उंच इमारतींच्या पायाभरण्या झाल्या. बर्लिनची मोजणी तर १२३७ मधल्या कोल्न या शेजारच्या वस्तीच्या उल्लेखावरून होते. खुद्द बर्लिनचे नाव कागदावर १२४४ मध्ये येते. त्या १२३७ च्या आधारे नाझी राजवटीने १९३७ मध्ये सातशे वर्षे साजरी केली, आणि १९८७ मध्ये शहर दुभंगणाऱ्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकाच शहराचा साडेसातशेवा वाढदिवस वेगवेगळा झाला. पूर्वेकडील प्रशासनाने त्यासाठी सेंट निकोलस चर्चभोवतालची जुनी वस्ती नव्याने उभारली. एकच तारीख तीन राजवटींनी तीन अर्थांनी वापरली.

वगळलेल्यांनी या सोहळ्यांना दिलेले उत्तर सिडनीत सर्वांत ठसठशीत होते. २६ जानेवारी १९३८ रोजी ब्रिटिश वसाहतीला दीडशे वर्षे झाली म्हणून जहाजांच्या आगमनाचा प्रसंग पुन्हा सादर करण्यात आला आणि त्यात काम करण्यासाठी दूरच्या भागातून आदिवासींना आणले गेले. त्याच दिवशी सुमारे शंभर आदिवासी स्त्री-पुरुष ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये जमले आणि त्यांनी शोकदिन पाळून समान नागरिकत्वाची मागणी केली. एका शहराचा वाढदिवस दुसऱ्या कोणाच्या विस्थापनाची तिथी असू शकते, हे त्यानंतर कोणत्याही आयोजकाला नजरेआड करता येण्यासारखे राहिले नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकसहभागाचा धागा पुन्हा घट्ट झाला. नाटककार ॲन जेलिको यांनी १९७८ मध्ये इंग्लंडमधील लाइम रीजिस येथे व्यावसायिक लेखक-दिग्दर्शक आणि मोठ्या संख्येने स्थानिक रहिवासी यांना एकत्र आणून गावाच्याच इतिहासावर नाटक उभे केले. त्यातून सामुदायिक नाटकाची पद्धत रुजली. पार्कर यांच्या प्रयोगांपेक्षा हिचे वेगळेपण असे की तिने संघर्ष टाळला नाही. गावातले जुने तंटे हाच तिचा कच्चा माल झाला.

सिंगापूरने २०१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा ब्रिटिश अधिकारी रॅफल्स याच्या आगमनाची द्विशताब्दी पाळताना कथा सातशे वर्षे मागे नेली. नदीकाठच्या रॅफल्सच्या पुतळ्याला मागच्या उंच इमारतींच्या रंगात असे रंगवले गेले की एका विशिष्ट कोनातून तो दिसेनासा होई, आणि मग त्याच्याजवळ चार नवे पुतळे बसले : रॅफल्सच्या कितीतरी आधीचा राजपुत्र संग नीला उतामा, चिनी व्यापारी टॅन टॉक सेंग, लेखक मुन्शी अब्दुल्ला आणि भारतीय व्यापारी नारायण पिल्लई.

भारतात हे दोन्ही प्रश्न दोन महानगरांनी दोन तऱ्हांनी सोडवले. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक २४ ऑगस्ट १६९० रोजी सुतानुटीला उतरला, तो कोलकात्याचा जन्मदिवस मानून तीनशे वर्षांचा सोहळा झाला. परंतु सबर्ण रायचौधुरी कुटुंबीयांच्या परिषदेने दाखल केलेल्या याचिकेवर इतिहासकारांच्या समितीचा अहवाल घेऊन कलकत्ता उच्च न्यायालयाने २००३ मध्ये चार्नॉक संस्थापक नाही आणि ती तारीख शहराचा जन्मदिवस नाही, असा निर्णय दिला. चेन्नईत २००४ पासून इतिहासलेखक एस. मुथय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ ऑगस्टला मद्रास दिन सुरू केला. १६३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला किनाऱ्यावरची जागा मिळाली, त्या दस्तऐवजाची ही तारीख मानली जाते. त्याचे मध्यवर्ती आयोजन जाणीवपूर्वक हलके ठेवले आहे : कोणी आपल्या गल्लीची वारसा फेरी काढतो, कोणी जुनी पोस्टकार्डे मांडतो, कोणी वाचनालयात व्याख्यान ठेवतो, आणि एका दिवसाचा सोहळा पाहता पाहता आठवड्यावर पसरला. त्या दस्तऐवजावर महिना जुलै आहे की ऑगस्ट, याबद्दल अभ्यासकांत शंका आहे. कंपनीचा अधिकारी फ्रान्सिस डे २७ जुलैपूर्वी तिथे पोहोचलाच नव्हता, या नोंदीवरून ऑगस्ट अधिक संभवनीय मानला जातो, आणि या वादावर बोलण्यासाठीही मद्रास दिनाचेच व्यासपीठ वापरले जाते.