पुंसंप्रेरकाचा उंदराच्या वृषणवाढीवरील परिणाम

नर उंदराला बाहेरून टेस्टोस्टेरॉन (मुख्य पुंसंप्रेरक) दिल्यावर त्याच्या वृषणांच्या वाढीत आणि शुक्रजननात, म्हणजे शुक्राणू तयार होण्याच्या क्रियेत, होणारे बदल. येथे उंदीर म्हणजे विस्टार, स्प्रेग-डॉली यांसारखे प्रयोगशाळेतील रॅट. माऊस ही वेगळी जाती असून तिच्या वाढीचे दिवस निराळे आहेत.

शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणाला टेस्टोस्टेरॉन लागतेच. तरीही ते टोचल्यावर वृषण बहुधा लहान होते. या कोड्याची उकल शिकागो विद्यापीठातील कार्ल मूर आणि डोरोथी प्राइस यांनी १९३२ मध्ये केली. हे संप्रेरक वृषणाला थेट इजा करत नाही, ते मेंदूखालच्या पोष (पिट्यूटरी) ग्रंथीला आवर घालते. तिच्यातून येणाऱ्या एलएच या संप्रेरकाचा पुरवठा घटला की वृषणात टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशी आक्रसतात आणि वृषणाच्या आत तयार होणारे टेस्टोस्टेरॉन कमी पडते. आतली पातळी रक्तातल्या पातळीच्या अनेक पट असते आणि शुक्रजनन तिच्यावरच चालते. म्हणून रक्तात संप्रेरक भरपूर, पण वृषणात टंचाई अशी स्थिती येते. विच्छेदनात हे डोळ्यांना दिसते: रेताशये आणि अष्ठीला (प्रोस्टेट) ग्रंथी भरलेल्या, वृषणे मात्र लहान.

सगळा खेळ मात्रेचा आहे. प्रौढ उंदराच्या त्वचेखाली टेस्टोस्टेरॉन भरलेली सुमारे २.५ सेंमी लांबीची सिलिकॉन नळी ठेवली, तर शुक्रजनन मंदावते. नळ्यांची एकूण लांबी २४ सेंमीपर्यंत नेली, तर रक्तातूनच इतके संप्रेरक वृषणात झिरपते की एलएच नसतानाही शुक्रजनन टिकून राहते. म्हणून एकाच मात्रेवरून काढलेला निष्कर्ष हमखास फसवा ठरतो. पेशींची हानी प्रथम शुक्रजननचक्राच्या १४ अवस्थांपैकी सातव्या-आठव्या अवस्थेत दिसते. तेथील पॅकिटीन (अर्धसूत्री विभाजनाच्या एका टप्प्यातल्या) शुक्रपेशी आणि गोल शुक्राणुपूर्व पेशी नष्ट होतात.

पिल्लांमध्ये परिणाम अधिक खोल जातो. जननपेशींना पोसणाऱ्या सर्टोली पेशींचे विभाजन जन्मानंतर सुमारे १५ ते २० दिवसांत थांबते आणि प्रत्येक पेशी ठरावीक संख्येच्याच जननपेशी पोसू शकते. या काळात पोष ग्रंथीचे दुसरे संप्रेरक एफएसएच दबले, तर सर्टोली पेशी कमी बनतात आणि वृषण कायमचे लहान राहू शकते. प्रौढपणी दिलेल्या संप्रेरकाचा परिणाम मात्र बहुधा भरून येतो. पिल्लांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे: शरीरात टेस्टोस्टेरॉनचे काही प्रमाणात इस्ट्रोजेन बनते. त्यामुळे परिणाम नेमका कोणाचा हे कळावे म्हणून इस्ट्रोजेन न होणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन दिलेला गट सोबत ठेवावा.

प्रयोगात टेस्टोस्टेरॉन प्रोपिओनेट तिळाच्या तेलात विरघळवून त्वचेखाली टोचतात; तुलनेच्या गटाला तेवढेच नुसते तेल देतात. पिल्लाला ०.०५ मिलि.सारखे अल्प आकारमान द्यावे आणि सुई काढल्यावर जागा क्षणभर दाबून धरावी, नाहीतर तेल बाहेर येते आणि मात्रा बिघडते. जन्माचा दिवस शून्य धरला की एक, हे नोंदवावे. एका आईजवळ पिल्लांची संख्या सारखी (साधारण ८) ठेवावी, कारण दूध कमी मिळालेल्या पिल्लाचे वृषणही लहान असते. एकाच वेतातली पिल्ले स्वतंत्र नमुने मानू नयेत; गणितात वेत हेच एकक. प्राणी-नीती समितीची परवानगी आधी लागते.

वृषणाचे वजन करताना अधिवृषण (वृषणाला लागून असलेली शुक्राणूंची नळी) आणि चरबी काढून टाकावी. नंतर वृषण बुइन द्रावणात ठेवावे: संपृक्त पिक्रिक आम्ल ७५, फॉर्मालिन २५, ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल ५ भाग. साध्या फॉर्मालिनने नलिका आकसून भेगा पडतात आणि अवस्था ओळखता येत नाहीत. प्रौढ वृषणाचे कवच टोकाला सुईने टोचावे, म्हणजे द्रावण आतपर्यंत पोचते. पिक्रिक आम्ल कोरडे झाले तर स्फोटक असते. बाटलीतले आम्ल नेहमी पाण्याने ओले ठेवावे.

उंदराचे शुक्रजनन सुमारे ५२ दिवस चालते आणि अधिवृषणातून शुक्राणू उतरायला आणखी आठवडाभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. संप्रेरक थांबवल्यावर दोन महिने उलटण्याआधीच तपासून वृषण ‘सुधारले नाही’ असे ठरवणे ही या अभ्यासातली मोठी चूक आहे.