विद्यार्थी-डिझाइन प्रकल्पाचे सादरीकरण

डिझाइन, वास्तुकला, अभियांत्रिकी किंवा उपयोजित कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला प्रकल्प परीक्षकांपुढे, संभाव्य वापरकर्त्यांपुढे आणि लोकांपुढे मांडण्याची पद्धत. पुण्यातील महाविद्यालयांत ही मांडणी आता बहुधा तीन अंगांनी होते : प्रकल्पाचे संकेतस्थळ, काही मिनिटांचा व्हिडिओ आणि परीक्षकांसमोर उभे राहून केलेले थोडक्यातले निवेदन, म्हणजे ‘पिच’. पोस्टर, प्रतिकृती आणि बांधलेला अहवाल ही जुनी साधनेही सोबत टिकून आहेत.

संज्ञा : ‘सादर’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आढळतात. एका मताने तो संस्कृत ‘स + आदर’ असा असून त्याचा अर्थ आदरपूर्वक असा आहे. ‘सादर प्रणाम’ या प्रयोगात हा अर्थ निःसंशय आहे. दुसऱ्या मताने ‘सादर करणे’ यातील शब्द वेगळा असून तो अरबी ‘सादिर’ (निघालेला, जारी झालेला) यावरून फारसीच्या वाटेने दफ्तरी मराठीत आला. पेशवेकालीन कागदपत्रांत ‘सनद सादर केली असे’ अशा धाटणीची वाक्ये येतात. तेथे वरिष्ठाने हुकूम पाठवला एवढाच अर्थ लागतो, आदराचा प्रश्न येत नाही. त्यामुळे क्रियापदापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र मधल्या काळात शब्दाची दिशा उलटली. पूर्वी हुकूम वरून खाली सादर होई. आता हिशेब, अर्ज आणि प्रकल्प खालून वर सादर होतात. ही दिशा पालटताना संस्कृत ‘सादर’शी असलेले ध्वनिसाम्य उपयोगी पडले असावे. परीक्षकांपुढे उभ्या विद्यार्थ्याच्या देहबोलीत अर्जदाराचा जो संकोच असतो, त्याचा धागा या शब्दापर्यंत नेता येतो.

‘डिझाइन’साठी अभिकल्प, संकल्पन हे शब्द परिभाषेत आहेत. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या व्यवहारात ‘संकल्पचित्र’ हा शब्द रुळला आहे. विद्यार्थी आणि शिक्षक मात्र ‘डिझाइन’ असेच म्हणतात, म्हणून येथे तोच शब्द ठेवला आहे. ‘पिच’ला तसा रुळलेला पर्याय नाही; ‘खेळपट्टी’ अर्थातच चालत नाही, आणि ‘निवेदन’ म्हटले की त्यातली गळ घालण्याची छटा निसटते.

‘एलिव्हेटर पिच’ (लिफ्टमधून जाताना सांगून होईल एवढे थोडके निवेदन) या प्रयोगाचा उगम वादग्रस्त आहे. लोकप्रिय कथा लिफ्टचा सुरक्षा-खटका करणाऱ्या एलिशा ओटिस यांच्यापाशी सुरू होते. त्यांनी १८५४ च्या सुमारास (काही ठिकाणी १८५३ असे वर्ष दिले जाते) न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात उंचावर नेलेल्या फळीचा दोर सर्वांदेखत कापवला आणि आपल्या सुरक्षा-खटक्यामुळे फळी कोसळत नाही हे दाखवले. प्रात्यक्षिकाच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची आहे, पण ते लिफ्टचे प्रात्यक्षिक होते, लिफ्टमधले भाषण नव्हे. त्यामुळे शब्दप्रयोगाचा उगम तेथे शोधणे मागाहून जुळवलेले दिसते. दुसरी कथा गुणवत्ता-व्यवस्थापनातील फिलिप क्रॉस्बी यांच्याशी जोडली जाते : वरिष्ठ अधिकारी लिफ्टमध्ये भेटला तर तेवढ्या वेळात सांगून होईल असे बोलणे तयार ठेवावे. तिसरी १९९० च्या दशकातील अमेरिकी नियतकालिकांच्या कचेरीतील आहे. क्रॉस्बींची कथा शब्दाच्या अर्थाशी सर्वांत जवळची आहे. शब्दाचा प्रसार मात्र त्यानंतर, नवउद्योगांच्या भांडवल-उभारणीबरोबर झाला.

पूर्वपीठिका : पुण्यात अभियांत्रिकी शिक्षणाची सुरुवात १८५४ मध्ये झाली. त्या वेळच्या वर्गातून पुढे आजचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ उभे राहिले. अभियांत्रिकीची परंपरा तोंडी परीक्षेची आहे : गाईड (मार्गदर्शक), इंटर्नल आणि एक्सटर्नल (महाविद्यालयातील आणि बाहेरचे परीक्षक), दोन-तीन रिव्ह्यू (मधले आढावे) आणि शेवटी व्हायवा (तोंडी परीक्षा). वास्तुकला आणि डिझाइनची परंपरा ‘ज्युरी’ची, म्हणजे भिंतीवर काम लावून त्यावर चर्चा करण्याची. ज्युरीचे मूळ पॅरिसच्या एकोल द बोझार या कलाशाळेत शोधले जाते. तेथील ज्युरी बंद दाराआड बसे आणि विद्यार्थी बाहेर निकालाची वाट पाहत. विद्यार्थ्याने समोर उभे राहून बाजू मांडायची ही आजची रीत विसाव्या शतकात, मुख्यतः अमेरिकी शाळांतून रूढ झाली असे दिसते. भारतात अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (१९६१) आणि मुंबई आयआयटीचे औद्योगिक अभिकल्प केंद्र (१९६९) यांच्यामार्फत ती डिझाइन शिक्षणात स्थिरावली. पुण्यात सिंबायोसिसची डिझाइन संस्था २००४ मध्ये आणि लोणी काळभोर येथील एमआयटीची डिझाइन संस्था २००६ मध्ये सुरू झाली. त्यानंतर व्हायवा आणि ज्युरी या दोन रीती एकाच शहरात शेजारी नांदू लागल्या.

साधारण २००६ पासून भरणाऱ्या ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धेने पोस्टरची सवय लावली. २०१७ पासूनच्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनने ३६ तासांच्या सलग स्पर्धेच्या अखेरीस मोजक्या मिनिटांत बोलण्याची सवय लावली. व्हिडिओ आणि संकेतस्थळ आवश्यक मानण्याची रीत पुण्यात नेमकी कोणत्या वर्गात प्रथम आली याची नोंद सापडत नाही. स्वस्त डेटा आणि २०२० मधील टाळेबंदीतील ऑनलाइन परीक्षा यांनी ती पक्की केली, एवढे म्हणता येते.

संकेतस्थळ : विद्यार्थी सहसा गिटहब पेजेस, गुगल साइट्स, विक्स किंवा बिहान्स यांचा आधार घेतात. प्रश्न काय होता, कोणाशी बोललो, कोणते पर्याय टाकले आणि का, शेवटी काय उरले, हा क्रम आता सर्वत्र दिसतो. टाकलेल्या पर्यायांचे पान बहुतेक विद्यार्थी गाळतात. जाणकार परीक्षक नेमके तेच आधी उघडतो, कारण विचार कसा झाला हे तेथेच कळते.

मजकूर मराठीत असेल तर अडचण लिपीपासून सुरू होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची श्रीलिपी ही फाँटप्रणाली आणि पुण्यातच १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या शासकीय संगणक-संस्थेचे जिस्ट तंत्रज्ञान यांनी संगणकावरील मराठी छपाई शक्य केली. परंतु श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधील अक्षरे स्वतःच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेली असत. छापखान्यात फाँट हजर असल्याने ते चालून जाई. तोच मजकूर संकेतस्थळावर चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. जगभरच्या लिप्यांसाठी एकच सांकेतिक क्रमवारी ठरवणाऱ्या युनिकोड या प्रमाणाने १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र पट्टा दिला. त्याची रचना इस्की या भारतीय प्रमाणावर बेतलेली होती. युनिकोडमध्येही मराठीची दोन नाजूक ठिकाणे राहतात. पहिले, ‘ऱ्य’मधला अर्धा र. तो नुक्ता (खालचा ठिपका) असलेल्या ‘ऱ’पासून साधावा लागतो. साध्या ‘र’ला हलन्त जोडून ‘य’ लिहिला तर रफार उमटतो, आणि आचाऱ्यांसाठी केलेले स्वयंपाकघर आचार्यांसाठी होऊन बसते. दुसरे, ल आणि श यांची मराठी वळणे. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने लिपीचे प्रमाणरूप ठरवले, पण ती वळणे पडद्यावर येण्यासाठी फाँटमध्ये तशी सोय हवी आणि पानाची भाषा ‘मराठी’ अशी सांकेतिक नोंदही हवी. ही एका ओळीची नोंद बहुतेक पानांत नसते. ती नसली की दृष्टिहीन वाचकांसाठीचे पडदा-वाचकही मजकूर हिंदी उच्चारांनी वाचण्याची शक्यता असते. अक्षररचना शिकणाऱ्याने तरी ही चूक करू नये.

व्हिडिओ : दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. प्रात्यक्षिक-व्हिडिओत चालणारी वस्तू चालताना दिसते. संकल्पना-व्हिडिओत अजून न झालेली वस्तू झाल्यासारखी दाखवली जाते. पहिल्याचा आदर्श म्हणून संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांचे ९ डिसेंबर १९६८ चे सॅन फ्रान्सिस्कोतील सुमारे ९० मिनिटांचे प्रात्यक्षिक सांगतात. दुसऱ्यासाठी ॲपल कंपनीच्या १९८७ मधील ‘नॉलेज नॅव्हिगेटर’ या व्हिडिओचे उदाहरण देतात. दोन्ही प्रकार रास्त आहेत. संकल्पना प्रात्यक्षिक म्हणून खपवणे मात्र परीक्षेच्या दृष्टीने लबाडी ठरते, म्हणून कोणता भाग चालतो आणि कोणता रचलेला आहे हे पडद्यावरच लिहावे असा आग्रह धरला जातो. तो योग्य आहे.

उदाहरणादाखल गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील हमालांसाठी पाठीला बांधायचा आधारपट्टा हा विषय घेऊ. अशा व्हिडिओची पहिली वीस सेकंदे बहुधा शहराच्या ड्रोन-दृश्यांत आणि संगीतात जातात. त्याऐवजी पोत्यात लोखंडी हूक रुतवणारा हात, मान खाली घालून पाठीवर घेतलेले पन्नास किलो आणि फळीवरून चढताना पावलाने शोधलेली जागा एवढे तीन तुकडे सलग दाखवले तर प्रश्न न बोलता कळतो. मग तोच माणूस पट्टा बांधून तीच फळी चढतो. पट्टा खांद्यावर काचतो असे तो म्हणाला असेल, तर ते वाक्य ठेवावे. वापरकर्त्याच्या तक्रारीमुळे व्हिडिओ कमकुवत होतो ही समजूत चुकीची आहे. ऐकून घेतल्याचा तोच पुरावा असतो. अर्थात चेहरा आणि आवाज वापरण्याची त्या माणसाची संमती आधी, त्याला समजेल अशा भाषेत घ्यायला हवी.

तांत्रिक चुकांपैकी एक फार सार्वत्रिक आहे. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मोबाइलचे शटर १/६० सेकंदावर राहिले की चित्रावर सरकते पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले की ते जातात. ध्वनीची अडचण पुण्यात ऋतूप्रमाणे बदलते. गणेशोत्सवाआधीचे काही आठवडे नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. त्या काळात संध्याकाळी निवेदन रेकॉर्ड करणे जवळजवळ अशक्य असते. पहिले रिव्ह्यूही त्याच सुमारास येत असल्याने अनेक गट पहाटे, गाद्या-गोधड्या लावलेल्या खोलीत आवाज भरतात.

व्हिडिओच्या रचनेची तुलना काही जण पिंगुळीच्या, चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या चित्रकथीशी, काही कीर्तनाशी करतात. थेट वारसा दाखवता येत नाही, पण कीर्तनाची तुलना उद्बोधक आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यानाने ते पटवले जाते. प्रकल्पाच्या व्हिडिओत हा क्रम उलटा ठेवावा लागतो, कारण येथे श्रोता श्रद्धेने बसलेला नसतो. त्याला आधी माणूस दाखवावा लागतो, तत्त्व मागून.

पिच : वेळ सहसा तीन ते पाच मिनिटे. सावकाश बोलल्यास तीन मिनिटांत साडेतीनशेच्या आसपास मराठी शब्द बसतात. याहून लांब टिपण आणलेला विद्यार्थी शेवटच्या मिनिटात धावतो. काळाची बांधणी करणारे नमुने बाहेरून आले : तोक्योतील पेचाकुचा (२००३), म्हणजे प्रत्येकी २० सेकंदांच्या २० स्लाइड, आणि क्वीन्सलँड विद्यापीठाची तीन मिनिटांत प्रबंध ही स्पर्धा (२००८). पुण्यात पिच बहुतांशी इंग्रजीत होते. वापरकर्त्याशी मराठीत बोलून मिळवलेली वाक्ये इंग्रजीत सांगताना त्यांची धार जाते, त्यामुळे निदान ती वाक्ये मूळ शब्दांत म्हणावीत, हे काही मार्गदर्शकांचे मत सर्व शाखांनी स्वीकारण्याजोगे आहे.

तपकीर गल्लीतून (पुण्यातील इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा बाजार) आणलेल्या सेन्सरवर उभे असलेले वर्किंग मॉडेल ऐनवेळी बंद पडणे ही नेहमीची घटना आहे. त्यासाठी चालत्या मॉडेलचा व्हिडिओ जवळ ठेवतात. बहुतेक परीक्षक तो मान्य करतात, काही करत नाहीत.

मूल्यमापनातील वाद : सादरीकरणाला किती गुण द्यावेत यावर दोन मते आहेत. एका मताने बोलक्या विद्यार्थ्याचा त्यात अवाजवी फायदा होतो, विशेषतः इंग्रजी माध्यमातून आलेल्यांचा. या आक्षेपात तथ्य आहे. दुसऱ्या मताने, वस्तू दुसऱ्याला कळेल अशी करणे हेच डिझाइनचे काम आहे, मग आपलाच प्रकल्प कळेल असा मांडणे त्यातून वगळता येत नाही. ही बाजू अधिक पटते, पण गुण बोलण्याच्या सफाईला न देता ऐकणाऱ्याला काय कळले त्याला द्यावेत, या अटीवर.

प्रसिद्धी आणि पेटंट : या बाबीकडे फार दुर्लक्ष होते. भारतीय पेटंट कायदा (१९७०) आणि डिझाइन कायदा (२०००) या दोन्हींत नावीन्याची अट आहे. अर्ज करण्यापूर्वी संकेतस्थळ खुले केले, व्हिडिओ यूट्यूबवर टाकला किंवा खुल्या सभेत पिच केले, तर ते नावीन्य सामान्यतः नष्ट होते. सवलती आहेत, पण त्या शासनाने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारख्या मोजक्या प्रसंगांपुरत्या. पेटंटसाठी तात्पुरते विनिर्देशपत्र (शोधाचे वर्णन करणारा कागद) आधी दाखल करता येते. पूर्ण विनिर्देशपत्र त्यानंतर १२ महिन्यांत द्यावे लागते. त्यामुळे संकेतस्थळ खुले करण्याची तारीख तात्पुरते विनिर्देशपत्र दाखल केल्यानंतरची ठेवावी.

जतन : जुने प्रकल्प पाहायला मिळतात ते मुख्यतः ‘ब्लॅक बुक’मध्ये, म्हणजे काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे छापलेल्या बांधीव अहवालात. मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या कागदी पाकिटात सीडी असे. कागद अजून वाचता येतो. सीडी वाचायला आता ड्राइव्ह मिळत नाही, आणि मिळाला तरी चकती वाचली जाईलच असे नाही. त्या काळी जिओसिटीजसारख्या मोफत जागांवर ठेवलेली पाने ती सेवा २००९ मध्ये बंद झाल्यावर गेली. काही इंटरनेट आर्काइव्हमध्ये अर्धवट सापडतात, चित्रांशिवाय. आजची संकेतस्थळे विद्यार्थ्याच्या वैयक्तिक किंवा महाविद्यालयाने दिलेल्या ई-मेल खात्यावर असतात. महाविद्यालयीन खाते पदवीनंतर बंद झाले की पानही जाते. काही विभाग आता संकेतस्थळाची पीडीएफ प्रत आणि व्हिडिओची मूळ फाइल ग्रंथालयात जमा करून घेतात, मुखपृष्ठावर तारीख घालून.