व्हाइटवॉल टायर मागवण्याआधी रिम मोजा
(जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी माहितीपत्रक)

"अ‍ॅम्बेसेडरला पांढऱ्या पट्टीचे व्हाइटवॉल टायर पाहिजेत, चारचे किती होतील?" असा फोन आला की आमचा उलटा प्रश्न ठरलेला असतो: रिम किती इंच रुंद आहे? समोरून बहुतेकदा उत्तर येतं, "थांबा, टायरवर काय लिहिलंय ते वाचून सांगतो." सगळा घोळ इथूनच सुरू होतो, म्हणून हे पत्रक.

गाडीवर आज जो टायर आहे तो कारखान्यातून आलेला नाही. मधल्या काळात कुणीतरी, त्या दिवशी बाजारात जे मिळालं ते चढवलं आहे. कधीकधी रिमसुद्धा बदललेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. त्या टायरवरचा आकडा वाचून नवे व्हाइटवॉल मागवणं म्हणजे आधीच्या माणसाची चूक चौपट पैसे देऊन पुन्हा विकत घेणं. काळा टायर चुकला तर दुकानदार बदलून देतो, कारण तो उद्या दुसऱ्याला विकला जातो. व्हाइटवॉल तुमच्याच गाडीसाठी मागवलेला असतो. नवीन टायरच्या आयातीला २०२० पासून सरकारी परवाना लागतो, त्यामुळे माल यायला वेळ लागतो आणि परत पाठवणं जवळपास अशक्य होतं. रिमचं माप हातात आल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही. काही जणांना हा आडमुठेपणा वाटतो. वाटू द्या.

रिम कशी मोजायची

टायर उतरवल्याशिवाय माप नीट येत नाही. रिम आडवी ठेवा. रुंदी मोजायची ती एका काठाच्या आतल्या अंगापासून समोरच्या काठाच्या आतल्या अंगापर्यंत, म्हणजे टायरचा बीड (तारेची आतली कडा) जिथे टेकतो तिथली. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावला तर साधारण एक इंच जास्त भरतं. हाच तो एक इंच, ज्यापायी सगळ्यात जास्त वेळ वाया जातो.

समजा रिम आतून ४ इंच आहे आणि तुम्ही बाहेरून मोजून ५ सांगितलं. ५ इंचावर २०५/७५ (२०५ मिलिमीटर रुंद, बगलेची उंची रुंदीच्या ७५ टक्के) चालतो, म्हणून तो आला. चढवताना त्याचे दोन्ही बीड ४ इंचांत कोंबावे लागतात. बगल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, बाहेर फुगते आणि पांढरी पट्टी नेमकी त्या फुगवट्यावर येते. रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग मधोमध उचलला जातो, तिथेच झिजतो, वळणावर गाडी डोलते. शिवाय आपल्या नागपुरात सिमेंटचे रस्ते आजूबाजूच्या अंगणापेक्षा उंच झालेत, त्यामुळे गाडी कडेला घेतली की रस्त्याच्या धारेला पहिली घासते ती पट्टी. एकदा पांढरं रबर सालटलं की त्यावर इलाज नाही.

ढोबळ हिशेब असा: १६५ रुंदीचा ८० सिरीजचा टायर ४ ते ५.५ इंचाच्या रिमवर बसतो, १८५/८० ला ४.५ ते ६ इंच लागतात, आणि २०५/७५ ला ५ ते ७. आपल्याकडच्या जुन्या देशी गाड्यांच्या रिमा बहुतेक अरुंदच असतात. "जरा जाडजूड दिसला पाहिजे" ही हौस आम्हाला कळते, पण ती रिम बदलूनच भागते, टायर बदलून नाही.

दुसरं माप मोकळ्या जागेचं. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा आणि टायर स्टिअरिंगच्या टायरॉडला, शॉकला किंवा मडगार्डच्या आतल्या ओठाला कुठे जवळ येतो ते पाहा. सगळ्यात अडचणीच्या जागीही निदान इंचभर अंतर हवं. मागचं चाक जॅकवर घेऊन अ‍ॅक्सल लोंबकळू द्या आणि चाक मडगार्डमधून बाहेर निघतं का ते बघा. मागच्या चाकावर झाकण असलेल्या अमेरिकन गाड्यांत चाक बसतं, पण पंक्चर झाल्यावर निघत नाही, असं होतं.

तिसरं माप टायरच्या उंचीचं. टायरवर आणि जमिनीवर खडूची एक खूण करा, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा करा, दोन खुणांमधलं अंतर ३.१४ ने भागा. नवा टायर त्या व्यासाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत असेल तर स्पीडोमीटर फारसं खोटं बोलत नाही. मात्र आत्ताचा टायरच चुकीचा असेल तर खाली दिलेल्या मूळ मापाशी ताडून पाहा.

मूळ मापं आणि त्यांचा अर्थ

अ‍ॅम्बेसेडर ५.९०-१५, प्रीमियर पद्मिनी ५.२०-१४, स्टँडर्ड हेराल्ड ५.२०-१३, विलीज जीप ६.००-१६, फोक्सवॅगन बीटल ५.६०-१५. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत, दुसरा रिमचा व्यास. ही नायलॉन, म्हणजे क्रॉसप्लाय टायरची जुनी पद्धत. त्यात बगलेच्या उंचीचा आकडा नसतो, कारण ती जवळपास रुंदीइतकीच असते. म्हणूनच हे टायर उंच आणि सडपातळ दिसतात आणि त्यांवर पांढरी पट्टी खुलते.

रेडियलमध्ये, म्हणजे आजच्या पद्धतीच्या टायरमध्ये, ५.२०-१४ च्या जागी १५५ आर १४ घेतला तर उंची जवळपास तीच राहते. ५.९०-१५ च्या जागी १६५ आर १५ किंचित बुटका पडतो, पण चालतो. परदेशी गाड्यांत शेव्हरोलेचं ध्यानात ठेवा: १९५५ आणि ५६ च्या गाड्यांना ६.७०-१५ आणि १९५७ ला ७.५०-१४. बाहेरून बहिणी दिसतात, पण रिम वेगळी. "पन्नासच्या दशकातली शेव्हरोले" एवढ्यावर ऑर्डर देऊ नका, वर्ष सांगा.

नायलॉन घ्यायचे की रेडियल? गाडी रॅलीत, लग्नाच्या वरातीत आणि रविवारी सकाळी फुटाळा तलावापर्यंतच जाणार असेल, तर नायलॉन घ्या. रूप अस्सल, आणि जुन्या स्टिअरिंगला त्याची सवय असते. रात्रभर उभी राहिली की नायलॉनला जमिनीकडच्या बाजूला चपटेपणा येतो, म्हणून सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते. टायर गरम झाला की ते जातं. त्यासाठी बॅलन्सिंग करायला धावत येऊ नका. वर्धा किंवा रामटेककडे नियमित फेऱ्या असतील तर रेडियल बरे, पण आधी रिमला तडे आणि सैल रिव्हेट आहेत का ते तपासू द्या. रेडियलचा ताण या जुन्या रिमांवर वेगळ्या जागी पडतो. एका अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन कधीच नाही. चारही सारखे हवेत, आणि आमच्या मते पाचवा स्टेपनीचाही.

समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे म्हणून जुनी गाडी तिथे नेण्याचा मोह होतो. मे महिन्याच्या दुपारी, सिमेंटच्या रस्त्यावर, नायलॉन टायरवर तो टाळा.

पट्टी किती रुंद

रिम ठरली, माप ठरलं, मग पट्टी. ही निवड गाडीच्या वयाने करायची. १९५० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या मोठ्या अमेरिकन गाड्यांना अडीच-तीन इंचांची रुंद पट्टी शोभते. दशकाच्या शेवटी ती थोडी आकसली आणि १९६२ च्या मॉडेलपासून साधारण इंचभर राहिली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या गाडीवर तीन इंची पट्टी म्हणजे जीन्सवर फेटा.

देशी गाड्यांना इतकी रुंद पट्टी पेलत नाही. ५.२०-१४ टायरची बगल जेमतेम ५ इंच, त्यातला काही भाग रिमच्या काठाखाली जातो. पद्मिनीला सव्वा ते दीड इंच आणि अ‍ॅम्बेसेडरला दोन इंच हे आमचं मत. कारण साधं आहे: पट्टीबाहेर काळं रबर जितकं जास्त उरतं तितकं पांढरं रबर रस्त्याच्या धारेपासून लांब राहतं. बदल केलेल्या हॉट रॉडसाठी वयाचा नियम लागू नाही, तिथे मालकाची मर्जी. पण मागचे टायर मोठे असतील तर पुढे-मागे पट्टीची रुंदी एकच ठेवा, नाहीतर बाजूने पाहताना गाडी लंगडी दिसते.

खरी पट्टी आणि सोंगं

खऱ्या व्हाइटवॉलमध्ये पांढरं रबर बगलेतच एकजीव करून बसवलेलं असतं. अमेरिकेतली कोकर कंपनी जुन्या मापांत असेच टायर बनवते. बाजारात आणखी दोन प्रकार फिरतात. पहिला, टायर आणि रिमच्या मध्ये अडकवायची पांढरी रबरी कडी. ट्यूबच्या नायलॉन टायरवर, हळू चालणाऱ्या गाडीला ती ठीक. रेडियलची बगल चालताना सतत लवते, कडी तिच्यावर घासते, मध्ये खडे-धूळ शिरून सँडपेपरसारखं रबर खातात, आणि वेग वाढला की कडा फडफडतात. रेडियलवर कडी आम्ही चढवत नाही, आग्रह धरला तरी. दुसरा प्रकार रंगाचा. फोटोसाठी छान, पण बगल लवली की रंगाला भेगा पडतात आणि ते सगळं खरवडून काढायला दुप्पट मजुरी लागते.

कुठूनही घ्या, बगलेवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष: ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. "एकदाही चालवला नाही" असं सांगून विकलेला जुना टायर नवा होत नाही, रबर कपाटातही म्हातारं होतं. दहा वर्षांवरचा टायर आम्ही चढवत नाही. ज्यांच्या गाड्या पन्नास वर्षांवरच्या असून विंटेज गाड्यांच्या 'व्हीए' मालिकेत नोंदल्या आहेत त्यांनी हे विशेष पाहावं. त्या गाड्या चालतात कमी, म्हणून टायर नक्षीने नाही तर वयाने संपतो.

चढवताना

ट्यूब टाकाच. जुन्या रिमांना ट्यूबलेसचा आतला उंचवटा नसतो, आणि तारांच्या चाकांत आरेच्या भोकांतून हवा जाते. तिथे रिमवर पट्टाही लागतो. व्हॉल्व्हच्या भोकाचं माप आणा: ११.५ मिलिमीटरला टीआर १३ व्हॉल्व्ह, १५.७ ला टीआर १५. मोठ्या भोकात छोटा व्हॉल्व्ह बसवला तर ट्यूब सरकून व्हॉल्व्ह मुळाशी कापला जातो. टायर चढवताना साबणाचं पाणी चालतं, ग्रीस, ऑइल आणि रॉकेल नाही. पांढरी बाजू वर ठेवून, हत्याराच्या लोखंडी टोकावर प्लास्टिकचं कव्हर लावून, सावकाश. आमची मजुरी साध्या टायरपेक्षा जास्त आहे ती एवढ्यासाठीच. बॅलन्सिंगची वजनंही आम्ही रिमच्या आतल्या काठाला लावतो.

निळा थर आणि चकाकी

नव्या पट्टीवर निळसर किंवा हिरवट थर असतो. वाहतुकीत काळ्या रबराचे डाग पडू नयेत म्हणून तो देतात. तो तसाच ठेवून गाडी उन्हात उभी केली की वाळतो आणि पट्टी निळसर राहते. चढवल्याच्या दिवशीच, कोमट पाणी आणि नायलॉनच्या ब्रशने, सावलीत धुऊन काढा. आमच्याकडे बसवलेल्या टायरचा थर आम्हीच काढून देतो.

नंतर पट्टी तपकिरी पडली की लोक ब्लीच लावतात. त्याने रबर कोरडं होऊन तडकतं. खरं कारण बहुतेकदा टायर चकाकवणारं तेलकट पॉलिश असतं. काळ्या रबरातली वार्धक्यरोधक रसायनं त्यामुळे सुटतात आणि पांढऱ्यात झिरपतात. सर्व्हिसिंगला गाडीखाली डिझेल किंवा ऑइल फवारतात, तेही हेच करतं. गाडी गॅरेजला देताना सांगा: टायरला पॉलिश नको आणि चाकं झाकल्याशिवाय खाली फवारा नको. धुवायला भांड्यांचा साबण आणि ब्रश पुरतो. हट्टी डागाला ४०० नंबरचा पाण्यातला सँडपेपर हलक्या हाताने, वर्षातून एखाद्या वेळी. बोअरचं पाणी असेल तर लगेच पुसा, क्षार वाळून पट्टीवर बसतात. सुटे टायर एकावर एक ठेवताना पांढऱ्यावर पांढरं ठेवा. पांढऱ्याला काळं चिकटलं की डाग पडलाच.

येताना रिकामी रिम, गाडीचं मॉडेल आणि वर्ष, आणि बाजूने काढलेला एक फोटो आणा. रिम मोजायचे पैसे घेत नाही, टायर आमच्याकडून घेतला नाही तरी. माप, पट्टीची रुंदी आणि प्रकार कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या की आगाऊ रक्कम घेतो आणि त्यानंतरच ऑर्डर जाते. टायर बसवून गेल्यावर शंभरेक किलोमीटर झाले की परत या. नट पुन्हा आवळून, थंड टायरची हवा तपासून देऊ.