उकळलं, तळलं तरी कोळंबीची अ‍ॅलर्जी जात नाही

घरात कुणाला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे म्हटलं की आपल्या कोकणात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "एवढं रटरट उकळल्यावर काय शिल्लक राहतंय?" जंतूंच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरंय. पण अ‍ॅलर्जी जंतूंमुळे होतच नाही, ती होते प्रोटीनमुळे, आणि कोळंबीतलं ते मुख्य प्रोटीन, ट्रोपोमायोसिन, प्रचंड चिवट असतं.

हे जरा नीट बघूया, मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं. अंड्याचा पांढरा भाग तापला की घट्ट होतो, कारण त्यातल्या प्रोटीनच्या घड्या उलगडतात आणि एकमेकांत कायमच्या अडकतात. ट्रोपोमायोसिनला तशी गुंडाळलेली घडीच नाही. 284 अमिनो आम्लांची एक लांब साखळी, अशा दोन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, थेट काथ्याच्या दोरीसारख्या. तापलं की पीळ सुटतो, गार झालं की बराचसा परत बसतो. शिवाय अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या रक्तातली आयजीई ही अँटीबॉडी या साखळीचे छोटे सलग तुकडेसुद्धा ओळखते, म्हणजे पीळ सुटलेला असला तरी ओळख पटतेच आणि मग पेशींमधून हिस्टामिन, म्हणजे खाज-सूज आणणारं रसायन, सुटतं. खेकडा, शेवंड, जवळा, सगळ्यांत हे प्रोटीन जवळपास सारखंच. माशातलं मुख्य अ‍ॅलर्जन वेगळं असतं, म्हणून एखाद्याला बांगडा चालतो पण कोळंबी नाही, ते नखरे नसतात.

आता स्वयंपाकघर. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे घरोघरी सुकी मासळी, आणि जवळा भाजताना भुकटी आणि धूर पावसात बंद घरात कोंडतो, त्या वेळी अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने आत थांबूच नये. कोळंबी तळलेल्या तेलात त्याच्यासाठी भजी नकोत. त्याचं जेवण आधी करून झाकून ठेवायचं, पळी-झारा वेगळा, पाटा-वरवंटाही शक्यतो वेगळाच. मिक्सरच्या झाकणाचं रबर काढून साबणाने घासायचं, सॅनिटायझरने प्रोटीन निघत नाही.

अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे पित्त म्हणून आमसुलाचं पाणी चोळतात, गार वाटतं, ठीक आहे. पण ओठ-घसा सुजला, श्वास लागला, चक्कर आली तर मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढण्यात एक मिनिटही घालवू नका, तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं. थेट दवाखाना गाठायचा आणि काय खाल्लं ते आधी सांगायचं.