नागपूर : राजधानी ते उपराजधानी

डिसेंबरात नागपुरात अधिवेशन लागले की ‘उपराजधानी’ हा शब्द पुन्हा बातम्यांत येतो. राज्यघटनेत मात्र राज्याच्या उपराजधानीची तरतूदच नाही. या शब्दाला आधार आहे तो २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराचा.

गोंड राजाने वसवलेले शहर, भोसल्यांची गादी, १८१७ ची सीताबर्डीची लढाई, १८५३ मध्ये खालसा झालेले राज्य, हे सगळे शाळेत शिकून झालेले आहे. पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचे साल १८६१. त्या वर्षी मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली, १८७७ मध्ये मोठी कापडगिरणी सुरू झाली, १९०३ मध्ये वऱ्हाड या मध्य प्रांताला जोडला गेला. विद्यापीठ १९२३ चे, स्वतंत्र उच्च न्यायालय १९३६ चे. सचिवालय, न्यायालय, विधिमंडळ असा राजधानीचा सगळा संसार इथे जवळजवळ ९५ वर्षे नांदला.

मराठी मुलखाचे एक राज्य करायचे, तर हे सगळे सोडायला विदर्भ कसा तयार होणार? त्यावर तोडगा म्हणून नेत्यांनी करार केला. नागपूरचे स्थान विशेष आहे, राजधानीमुळे महाविदर्भाच्या, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या मराठी भागाच्या, लोकांना मिळणारे फायदे शक्य तितके टिकावेत, म्हणून सरकारने ठराविक काळ अधिकृतपणे नागपूर भागात हलावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन दरवर्षी तिथे भरावे, असे त्यात लिहिले गेले. खरी मेख ‘ठराविक काळ’ या दोन शब्दांत आहे. किती दिवस, किती आठवडे, याचा आकडा नाही. शिवाय एका राज्याच्या कार्यक्षम कारभाराला बाधा न येता, ही अटही जोडलेली. अधिवेशनाचा भाग मोजता येतो, म्हणून तो टिकला. सरकार हलण्याचा भाग अधिवेशनापुरताच उरला. हैदराबाद हाऊस, रामगिरी, रवी भवन, आमदार निवास ही सरकारी कार्यालये आणि निवासस्थाने हिवाळ्यात गजबजतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात, आणि अधिवेशन संपताच फायली मुंबईला परततात. करारात हलायचे होते ते सरकार, आणि हा फरक विदर्भात आजही सलतो. ही तक्रार रास्तच आहे.

करारानंतर दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. ती मान्य झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि मध्य प्रदेशची, म्हणजे पूर्वीच्या मध्य प्रांताची, राजधानी नागपूरहून भोपाळला. त्याच्या अठरा दिवस आधी नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी नागपुरातले पहिले हिवाळी अधिवेशन भरले. इथल्या स्वतंत्र उच्च न्यायालयाच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९५६ मध्येच आले होते.

विकासनिधीच्या न्याय्य वाटपासाठी घटनेच्या कलम ३७१(२) खाली वैधानिक विकास मंडळे मिळायला १९९४ उजाडले. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली. २०२२ च्या डिसेंबरात ते पुन्हा नागपुरात भरले.