सहचर पिल्लाची वाढ

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत (टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रे रंगवण्याच्या खेळांत) एखाद्या पात्राने सांभाळलेले ड्रॅगनचे, ग्रिफिनचे, अस्वलाचे वा तत्सम प्राण्याचे पिल्लू कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी कथा, पुढे जाईल तसे आकाराने, बळाने आणि समजेने वाढवण्याची पद्धत. पिल्लाचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा), आर्मर क्लास (त्याला फटका लागणे किती कठीण तो आकडा), हल्ल्याचे फासे आणि क्षमतांचे आकडे ठराविक टप्प्यांवर बदलले जातात. टप्पा प्राण्याच्या वयावर ठरवायचा की मालकाच्या लेव्हलवर (अनुभवाने चढत जाणाऱ्या पायरीवर), हा या पद्धतीतला मुख्य प्रश्न होय. मंत्राने घटकाभर बोलावलेले प्राणी आणि जादूगाराचा फॅमिलिअर (जादूने बांधलेला सेवक प्राणी) यांचा विचार येथे केलेला नाही.

उगमाबद्दल एकवाक्यता नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ मधील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये ड्रॅगनच्या वयाचे सहा टप्पे होते आणि ड्रॅगनला ठार न मारता नमवून ताब्यात घेण्याची सोयही होती. वयानुसार हिट डाइसची, म्हणजे हिट पॉइंट ठरवणाऱ्या फाशांची, संख्या बदलत नसे. दर फाशामागे मिळणारे हिट पॉइंट १ पासून ६ पर्यंत चढत. म्हणजे दहा फाशांचा ड्रॅगन अगदी लहान असताना १० हिट पॉइंटांचा आणि अतिवृद्ध झाल्यावर ६० हिट पॉइंटांचा. याच खेळाच्या १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये टप्पे आठ झाले आणि त्यांना वर्षांचे आकडे जोडले गेले : पहिला टप्पा १ ते ५ वर्षांचा, शेवटचा ४०० वर्षांच्या पुढचा. या तक्त्यांना पद्धतीचा उगम मानण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु हे तक्ते वाटेत भेटणाऱ्या राक्षसाचे वय ठरवण्यासाठी होते, त्याला लहानाचा मोठा करण्यासाठी नव्हेत. दुसरा धागा १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधील ड्रुइडच्या (निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राच्या) प्राणिमैत्रीच्या मंत्राचा. त्यात ड्रुइडची लेव्हल वाढली की जास्त प्राणी जवळ ठेवता येत. एकच प्राणी वाढत नसे. तिसरा धागा नायकाच्या पदरी असणाऱ्या अनुचरांचा. अनुभवाचा वाटा घेऊन स्वतःची लेव्हल वाढवणारा सोबती सुरुवातीच्या नियमांत फक्त याच ठिकाणी दिसतो. त्यामुळे टप्प्यांची कल्पना ड्रॅगनच्या तक्त्यातून आणि वाढीचे तत्त्व अनुचरांच्या नियमांतून आले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

स्पष्ट तक्त्याच्या रूपात ही वाढ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००३ मधील साडेतीन, म्हणजे ३.५ या आवृत्तीत ठळक झाली. ड्रुइडच्या सोबतच्या प्राण्याला मालकाच्या तिसऱ्या लेव्हलला आणि त्यानंतर दर तीन लेव्हलना दोन हिट डाइस, नैसर्गिक कवचात २ आणि बळ व चपळाई यांत प्रत्येकी १ अशी भर मिळे. आकार मात्र तोच राही. शिवाय चौथ्या लेव्हलपासून जुना प्राणी सोडून अधिक दांडगा प्राणी घेण्याची मुभा होती. पहिल्या दिवसापासून सोबत असलेल्या लांडग्याला सोडून दिले तर आकड्यांत फायदा, अशी ही विचित्र रचना होती, आणि जिवाभावाच्या प्राण्याला न सोडणाऱ्या खेळाडूवर तिने अन्यायच केला. २००९ च्या ‘पाथफाइंडर’ या खेळाने हा दोष बऱ्याच अंशी दूर केला. तेथे अस्वल लहान आकाराचे पिल्लू म्हणूनच सोबत येते आणि चौथ्या लेव्हलला मध्यम आकाराचे होते : बळ +४, चपळाई −२, काटकपणा +२. लांडगा सातव्या लेव्हलला मोठ्या आकारात जातो : बळ +८, चपळाई −२, काटकपणा +४, नैसर्गिक कवच +२.

लांडग्याचे हे आकडे नीट मांडून पाहण्यासारखे आहेत. बळ ८ ने वाढल्याने हल्ल्यात ४ ची भर पडते (क्षमतेच्या दर दोन आकड्यांमागे १), पण मोठ्या आकारामुळे १ वजा होतो. निव्वळ लाभ ३. कवचाचे २ मिळतात, त्यांतला १ घटलेली चपळाई खाते आणि १ आकार खातो. आर्मर क्लास होता तेथेच राहतो. सातव्या लेव्हलच्या ड्रुइडच्या प्राण्याला सहा हिट डाइस असतात, त्यामुळे काटकपणाच्या वाढीतून दर फाशामागे २ प्रमाणे १२ हिट पॉइंट मिळतात. वाढलेला लांडगा जास्त जोराने चावतो आणि जास्त मार सोसतो, पण त्याला चुकवाचुकवी अधिक जमते असे नाही. मोठ्या झालेल्या जनावराचे हे चित्र पटण्याजोगे आहे.

आकाराच्या पायऱ्यांमागे भूमितीही आहे. लांबी दुप्पट झाली की घनफळ, आणि म्हणून वजन, आठपट होते, तर हाडांचा छेद चौपटच वाढतो. गॅलिलिओने १६३८ मध्ये हा विचार मांडला. ३.५ आवृत्तीत मध्यम आकार ४ ते ८ फूट आणि ६० ते ५०० पौंड, तर मोठा आकार ८ ते १६ फूट आणि ५०० पौंड ते २ टन असा आहे, म्हणजे वजनाचा आठपटीचा नियम जवळजवळ तंतोतंत पाळला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) आकाराबरोबर हिट डाइसचा फासाच बदलतो : लहानाला सहा बाजूंचा, मध्यमाला आठ, मोठ्याला दहा, प्रचंडाला बारा आणि महाकायाला वीस बाजूंचा. लाल ड्रॅगनच्या पिल्लाचे १० फासे व ७५ हिट पॉइंट, तरुणाचे १७ फासे व १७८, प्रौढाचे १९ व २५६, पुरातनाचे २८ व ५४६. तरुण ते प्रौढ या टप्प्यात फासे फक्त दोन वाढतात. बाकीची वाढ फाशाच्या बाजू आणि काटकपणा यांतून येते.

वय की लेव्हल, या प्रश्नाची अडचण याच आकड्यांत दिसते. लाल ड्रॅगनच्या पिल्लाची ज्वाला सहा बाजूंच्या सात फाशांची, सरासरी २४ इजेची. पहिल्या लेव्हलच्या लढवय्याचे हिट पॉइंट १२ च्या आसपास असतात. अंड्यातून नुकतेच आलेले पिल्लूच साऱ्या चमूपेक्षा भारी ठरते. उलट बाजूने पाहिले तर पाचव्या आवृत्तीत ड्रॅगन तरुण व्हायला ६ वर्षे आणि प्रौढ व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागतात, तर बहुतेक कॅम्पेनच्या कथेत काही महिने किंवा फार तर दोनचार वर्षे सरतात. वय पाळले तर पिल्लू आरंभी अति बलवान आणि पुढे कायमचे पिल्लूच, अशी दुहेरी गैरसोय होते.

म्हणून अलीकडचे नियम लेव्हलच्या बाजूने झुकले आहेत. २०२१ च्या ‘फिझबॅन्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स’मधील ड्रेकवॉर्डन प्रकारच्या रेंजरला (रानात वावरणाऱ्या योद्ध्याला) तिसऱ्या लेव्हलला लहान आकाराचा ड्रेक, म्हणजे ड्रॅगनसारखा प्राणी, मिळतो. तो सातव्या लेव्हलला मध्यम होतो व पाठीवर बसू देतो, पण स्वार असताना उडत नाही. पंधराव्या लेव्हलला मोठा होऊन स्वारासह उडतो. त्याचे हिट पॉइंट ५ अधिक लेव्हलची पाचपट, म्हणजे या तीन टप्प्यांवर २०, ४० आणि ८०. तरुण लाल ड्रॅगनच्या १७८ शी तुलना करता हे फार कमी आहेत, आणि तो संयम योग्य आहे. २०१९ च्या पाथफाइंडर दुसऱ्या आवृत्तीत प्राणी आरंभी अधिकृतपणे ‘बाल’ असतो. ड्रुइड चौथ्या लेव्हलला फीट (निवडून घ्यायची खास क्षमता) घेऊन त्याला प्रौढ करतो, तेव्हा त्याच्या हल्ल्याचा एक फासा दोन होतो. आठव्या लेव्हलला त्याला चपळ किंवा हिंस्र करता येते. आकडे लेव्हलने आणि दिसणे, सवयी, आवाज वयाने ठरवावेत, तसेच आकाराची उडी कथेतल्या एखाद्या प्रसंगाशी किंवा मोहिमांमधल्या लांब विरामाशी जोडावी, ही वाटणी टेबलावर सर्वांत कमी वादाची ठरते.

सोबतच्या प्राण्यामुळे इजा किंवा हिट पॉइंट यांच्यापेक्षा लढाईत मिळणारी जास्तीची पाळी हाच मोठा लाभ असतो. त्याला आवर घालण्यासाठी पाथफाइंडर दुसऱ्या आवृत्तीत मालकाने आपली एक कृती खर्चून हुकूम दिल्यावर प्राण्याला दोन कृती मिळतात. ड्रेक तर मालकाने बोनस कृती (पाळीतली जादा छोटी कृती) खर्चली नाही तर स्वतःचा बचाव करण्यापलीकडे काही करत नाही. 

संगोपनाचे नियम तुटपुंजे आहेत. ३.५ मध्ये जंगली प्राणी तान्हेपणापासून वाढवण्याची कठिनता (फासा टाकून गाठायचा आकडा) १५ अधिक त्याचे हिट डाइस अशी दिली आहे. त्याच आवृत्तीत ग्रिफिनच्या अंड्याला ३,५०० आणि पिल्लाला ७,००० सुवर्णनाणी पडतात, आणि त्याला स्वारीसाठी शिकवायला सहा आठवडे लागतात.

पिल्लाची समज हा भाग नियमांत जवळजवळ येतच नाही. पाचव्या आवृत्तीत ग्रिफिनची बुद्धी २ आहे, तर लाल ड्रॅगनच्या पिल्लाची १२, म्हणजे सामान्य माणसाच्या १० पेक्षा अधिक. असे पिल्लू बोलते, हिशेब ठेवते, नकार देते. त्यामुळे लढाईत त्याचे फासे खेळाडूने टाकावेत आणि त्याचे मन गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, चालवावे, अशी विभागणी अनेक टेबलांवर केली जाते; पिल्लू जसजसे वाढते तसतसा गेम मास्टरचा वाटाही वाढत जातो.